ताठ मानेची भाकरी



स्वाभिमान हा शब्द आपल्या बोलण्यात नेहमी येतो. लग्नात मानपान राहून गेला, सभेत बोलायला मिळाले नाही, शेजाऱ्याने वावगा शब्द काढला, की आपला स्वाभिमान दुखावतो. मग रुसवा, अबोला आणि कित्येकदा वर्षानुवर्षांचे वैर. खरा स्वाभिमान कसा असतो हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या कोयनेचे पाणी कराडला कृष्णेला मिळते. त्या कराडजवळ काले नावाचे गाव आहे. तेथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, भाऊराव पायगोंडा पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे लोकांनी त्यांना कर्मवीर ही पदवी दिली.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला जैन वसतिगृहात राहिले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाहू महाराजांच्या पुढाकाराने मिस क्लार्क वसतिगृह निघाले होते. त्याच्या समारंभाला भाऊराव जाऊन आले. परतल्यावर विटाळ झाला म्हणून त्यांना आंघोळ करण्यास सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला. माणसाच्या शेजारी बसल्याने माणूस बाटतो हे त्यांना मान्य नव्हते. आंघोळ केली असती तर प्रकरण मिटले असते, परंतु ज्यांच्यासोबत बसून आलो त्यांचा तो अपमान ठरला असता. वसतिगृह सोडावे लागले, तरी ते नमले नाहीत.

दुसरी कसोटी अधिक कठीण होती. १९१४ साली कोल्हापुरात इंग्रज राजाच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. संशय जैन समाजाचे पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. होकार दिला असता तर ते मोकळे सुटले असते. त्यांनी तुरुंग पत्करला, छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण लहानपणीच पाठ करतो. ती पाळण्याची किंमत किती असू शकते हे या तरुणाने दाखवून दिले.

पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी विक्रेते म्हणून काम केले. शेतकऱ्यांची मुले शाळेविना राहतात ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. त्यातून संस्था उभी राहिली. १९२४ साली ती साताऱ्याला आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, मिळून स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

येथेच भाऊरावांच्या कार्याचे मर्म आहे. गरीब मुलाला फुकट जेवण घालणे सोपे होते. पण फुकटच्या भाकरीने पोट भरते आणि मान खाली जाते हे त्यांनी ओळखले. म्हणून मुलांनी शेतात राबावे, दळण दळावे, जमेल ते काम करावे आणि त्या कष्टावर शिकावे अशी व्यवस्था त्यांनी लावली. हीच कमवा आणि शिका योजना. सधन घरच्या मुलालाही हातात खोरे घ्यावे लागे. त्यामुळे कोण कोणाच्या उपकारावर जगतो हा प्रश्नच उरत नसे.

या कामी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा त्याग फार मोठा. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि घरात दाणा नव्हता तेव्हा मंगळसूत्रही दिले. जातीच्या घरात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना आपली म्हणून वाढवले.

स्वतःसाठी भाऊरावांनी काही मागितले नाही. अंगावर खादीचे जाडेभरडे कपडे, हाती काठी आणि पाय अनवाणी. मुलांसाठी मात्र ते दारोदार गेले, गावोगावी धान्य मागितले, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. दुसऱ्यासाठी हात पसरल्याने माणूस लहान होत नाही. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. एका धनिकाने कॉलेजला आपले नाव देण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ केली आणि भाऊरावांनी ती नाकारली, असे आजही सांगितले जाते.

९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते. आपल्या भागातील कितीतरी घरांत पहिला शिकलेला माणूस रयतच्या शाळेतून निघाला.

बंधुभगिनींनो, भाऊराव आपल्या धर्माचे नव्हते. परंतु प्रत्येक माणूस परमेश्वराच्या प्रतिमेचा आहे असे आपण मानतो, आणि त्या श्रद्धेला शोभेल असेच ते वागले. म्हणून त्यांच्या चरित्रापुढे आपण स्वतःला काही प्रश्न विचारू या. घरकाम करणाऱ्या बाईला आपण कोणत्या कपात चहा देतो? वह्या, गणवेश किंवा फी देताना मुलाला सर्वांसमोर उभे करून फोटो काढण्याची पद्धत आता सगळीकडे रुजली आहे. त्या मुलाला शाळेत दुसऱ्या दिवशी काय वाटत असेल? उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभू येशूची शिकवण देणाऱ्याच्या नम्रतेसाठी जितकी आहे, तितकीच घेणाऱ्याची मान राखण्यासाठीही आहे.

आणि ज्यांना आज मदतीची गरज आहे त्यांनीही संकोच करू नये. अडचण सांगण्यात अपमान नाही. आज घ्यावे, उद्या आपल्या हातून दुसऱ्याला द्यावे. भाऊरावांच्या वसतिगृहातील मुले हेच शिकली. शिकून मोठी झालेली त्यांतील कित्येक मुले पुढे रयतच्याच शाळांत शिक्षक झाली.