पुतळ्याआधीचा भिवा

भडकल गेटला त्यांचा पुतळा आहे, विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मार्कशीटवर, आयकार्डवर, हॉलतिकिटावर ते नाव इतक्या वेळा समोर येतं की आपण ते वाचतही नाही, नजर नुसती पुढे सरकते. आपल्या डोळ्यांसमोरचे बाबासाहेब म्हणजे सूट, चष्मा आणि हातात संविधान. म्हणजे आधीच मोठे झालेले!

पण कधीतरी ते नऊ वर्षांचेही होते ना? आई नव्हती, वडील नोकरीसाठी परगावी होते आणि घरातली चार पोरं शाळेतून आल्यावर स्वतःच चूल पेटवून जेवण बनवत होती. आज त्या मुलाची गोष्ट वाचा. शाळेच्या दप्तरी त्याचं नाव होतं भिवा. आपणही त्याला तेच म्हणू.

आत्या, ताई आणि पुलाव

भिवाचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. रामजी आणि भीमाबाई यांचं हे चौदावं अपत्य. सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक होते. मूळ गाव कोकणात, मंडणगडजवळचं आंबडवे. निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. तिथे भीमाबाई गेल्या. भिवा तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता.

मग घर सांभाळलं मीराआत्यांनी. त्या रामजींच्या बहीण. त्यांचं शरीर अधू होतं, चालायलाही कोणाचा तरी आधार लागायचा, पण या शेंडेफळावर त्यांचा भारी जीव. रामजी स्वतः कबीरपंथी. घरात भजनं व्हायची, रामायण-महाभारत वाचलं जायचं. इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून ते मुलांकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घ्यायचे. शिस्त कडक होती. शिक्षक असलेले वडील घरात असले की काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.

पुढे रामजींना साताऱ्यापासून लांब गोरेगावला खजिनदाराची नोकरी लागली. तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. साताऱ्यात उरले भिवा, त्याचा मोठा भाऊ, वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुलं आणि आत्या. आत्यांना स्वयंपाक झेपत नव्हता, म्हणून पोरांनीच तो अंगावर घेतला. भाकरी-पोळी काही जमेना. मग त्यांनी सोपा मार्ग शोधला : तांदूळ आणि मटण एकत्र शिजवायचं, झाला पुलाव! हॉस्टेलवर किंवा सिडको-हडकोत रूम करून राहणाऱ्यांना हे लगेच पटेल. रूमवर पहिल्यांदा जमतो तो खिचडीभातच.

पण काही गोष्टी मात्र आपल्या ओळखीच्या नाहीत. घर महाराचं म्हणून साताऱ्यातला धोबी त्यांचे कपडे धुवायचा नाही आणि न्हावी केसांना हात लावायचा नाही. पैसे द्यायची तयारी असूनही. कपडे घरातच बहिणी धुवायच्या आणि केस मोठी बहीण कापायची. करून करून तिचा हात इतका बसला की भावांना न्हाव्याची गरजच उरली नाही.

नोंद क्रमांक १९१४

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात इंग्रजी पहिलीत दाखल झालं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. शाळेच्या रजिस्टरात त्याचा नोंद क्रमांक आहे १९१४. हाच ७ नोव्हेंबर २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

शाळेत बसायला भिवा घरून गोणपाट न्यायचा आणि संध्याकाळी तोच गुंडाळून परत आणायचा. कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवायचा नाही. पाण्याचंही तसंच. तहान लागली की इतर मुलं उठून नळावर जायची. भिवाला आधी मास्तरांची परवानगी हवी आणि नंतर नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई जागेवर नसला तर दिवसभर पाणी नाही. वर्गात पाठ बरोबर म्हणून दाखवला तरी घसा कोरडाच.

त्याच शाळेत वेगळी वागणारी माणसंही होती, हेसुद्धा सांगायला हवं. आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाकरी-भाजी भिवाच्या हातावर ठेवायचे. एकदा पैज मारून भर पावसात छत्रीशिवाय आलेला भिवा नखशिखांत भिजला होता. पेंडसे नावाच्या मास्तरांनी त्याला आपल्या घरी पाठवलं, गरम पाणी आणि कोरडं नेसायला द्यायची व्यवस्था केली. पुढे जगभर नाव झाल्यावरही बाबासाहेबांनी त्या भाकरीची आठवण जपली होती. म्हणजे त्यांनी नळही लक्षात ठेवला आणि भाकरीही.

मसूर स्टेशनवरची संध्याकाळ

१९०१ ची उन्हाळ्याची सुट्टी. गोरेगावहून वडिलांचं बोलावणं आलं. पहिल्यांदाच आगगाडीत बसायचं म्हणून पोरांचा उत्साह काय विचारता! नवे शर्ट, नव्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. वडिलांना पत्र टाकून झालं आणि मुलं मसूर स्टेशनात उतरली. संध्याकाळचे पाच वाजले होते. न्यायला कोणीच आलं नव्हतं, कारण ते पत्र रामजींपर्यंत पोचलंच नव्हतं.

स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करत होता. भिवाने जात सांगितली आणि त्याचा चेहराच बदलला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एकजण कबूल झाला, तेही दुप्पट भाड्यावर. गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान शेजारून पायी चालणार. अंधार पडला. सोबत डबे भरलेले होते, पण वाटेत प्यायचं पाणी मिळेना. मध्यरात्रीच्या सुमारास टोलनाक्यावरच्या माणसाकडे पाणी मागितलं, तर त्यानेही दिलं नाही. भरलेले डबे तसेच ठेवून मुलं उपाशी झोपली. गोरेगाव आलं दुसऱ्या दिवशी अकरा वाजता.

मोठेपणी बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. नळाचा आणि गोणपाटाचा त्रास त्याआधीही होताच, पण तो रोजचा असल्यामुळे अंगवळणी पडला होता. त्या रात्री तो पहिल्यांदा अंगावर आला.

अर्धा आणा

रामजींनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून भिवा बिथरला. याचं आपण काही खायचं नाही, पळून मुंबईला जायचं आणि गिरणीत काम करायचं, असं त्याने ठरवलं. पण गाडीभाडं? आत्या कमरेला पैशांची पिशवी खोचून झोपायच्या आणि भिवा त्यांच्याच शेजारी. तीन रात्री त्याने प्रयत्न केला, हाताला काही लागलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हातात आली. आत होता फक्त अर्धा आणा!

त्या अर्ध्या आण्याने त्याला लाज आणली. जिच्याकडे एवढेच पैसे आहेत, तिच्याकडून आपण चोरी करत होतो. पळून जायचा बेत त्याने तिथेच सोडला आणि ठरवलं की अभ्यास करायचा आणि लवकर स्वतःच्या पायावर उभं राहायचं. त्याआधी अभ्यासात त्याचं फार लक्ष नव्हतं, अशी शिक्षकांची तक्रार असायची. तेव्हा तुमच्या बाबतीतही अशी तक्रार घरी गेली असेल, तर धीर सोडू नका.

परळची एक खोली

पुढे कुटुंब मुंबईला आलं. परळच्या चाळीत एकच खोली : तिथेच स्वयंपाक, तिथेच सरपण, तिथेच सगळ्यांचं झोपणं. भिवाच्या उशाशी जातं नाहीतर पायथ्याशी शेळी. संध्याकाळी तो लवकर झोपायचा. रात्री दोनला रामजी त्याला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. मिणमिणत्या दिव्यात पहाटेपर्यंत अभ्यास चालायचा. आपण रात्री दोनला झोपायला जातो, तो उठायचा. एवढाच काय तो फरक!

रामजींची पेन्शन होती महिन्याला पन्नास रुपये. दोन मुलांचं शिक्षण त्यात निघेना, म्हणून मोठ्या आनंदरावांनी नोकरी धरली. भिवाला नवं पुस्तक हवं असलं की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, पैसे नसले तर त्यांचा दागिना घेऊन गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. पुन्हा पुस्तक, पुन्हा दागिना.

शाळा होती एल्फिन्स्टन हायस्कूल. मुंबईतली नामांकित सरकारी शाळा, पण भिवाला संस्कृत घ्यायचं होतं ते घेता आलं नाही, फारसी घ्यावी लागली. एकदा मास्तरांनी गणित सोडवायला त्याला फळ्याकडे बोलावलं आणि वर्गात एकच धावपळ उडाली. फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले असायचे. ते विटाळू नयेत म्हणून मुलांनी भराभर बाजूला घेतले. डबे हटल्यावरच त्याला फळ्यापर्यंत जाता आलं.

१९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने हे मार्क स्टेटसला टाकण्यासारखे नाहीत. पण त्या मुलासाठी सत्कार सभा भरली. अध्यक्ष होते सी. के. बोले. बागेत एकटा वाचत बसणाऱ्या या मुलाला ओळखणारे केळुसकर गुरुजी तिथे होते. त्यांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठी शब्दही त्यांनीच टाकला.

दौलताबाद ते नागसेनवन

इथून पुढचं तुम्हाला माहीत आहे : कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी, महाडचं चवदार तळं, गोलमेज परिषद. पण आपल्या शहराशी जोडलेला एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही.

१९३४ मध्ये बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसोबत वेरूळला निघाले होते आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. धुळीने माखलेल्या काहींनी दारापाशी असलेल्या छोट्या हौदावर हात-पाय धुतले. तेवढ्यात हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, जमाव गोळा झाला. किल्ला बघायला मिळाला, पण एका हत्यारबंद शिपायासोबत. आत त्यांनी कुठल्या पाण्याला हात लावू नये म्हणून हा पहारा! साताऱ्यात नळ सोडायला शिपाई लागायचा, दौलताबादला पाण्यापासून दूर ठेवायला शिपाई दिला. मधे तेहेतीस-चौतीस वर्षं गेली होती आणि परदेशातल्या पदव्याही हातात आल्या होत्या.

त्या किल्ल्यापासून आपलं शहर सुमारे पंधरा किलोमीटर. १९४८ मध्ये मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. विद्यापीठ तर सोडाच, इथल्या गावागावांतल्या मुलांना कॉलेजही आवाक्याबाहेर होतं. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ साली. त्याआधी आठ वर्षं, १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. प्राचार्य होते म. भि. चिटणीस. हेच आपलं मिलिंद महाविद्यालय. राजा मिलिंद प्रश्न विचारायचा आणि भिक्खू नागसेन उत्तरं द्यायचे, म्हणून कॉलेजला एकाचं नाव आणि परिसराला दुसऱ्याचं. खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या कितीतरी मुलांना इथे वर्ग मिळाला आणि राहायला हॉस्टेल मिळालं.

भिवाची गोष्ट आपण हुशारीची आणि जिद्दीची म्हणून ऐकतो. ती तशी आहेच. पण त्या एका मुलाला शिकवायला भावाने शाळा सोडली, बहिणींनी दागिने काढून दिले आणि बापाने झोप मोडली. सगळं घर खर्ची पडलं तेव्हा एकजण शिकला. नागसेनवन मला त्या हिशेबाचं उत्तर वाटतं : कुठल्याही घराला एकाला शिकवण्यासाठी दुसऱ्याला थांबवावं लागू नये, म्हणून उभी केलेली जागा.

आता तुमच्या घराकडे बघा. तुमची फी भरताना कोणाचं काय थांबलं? ताईचं ग्रॅज्युएशन, भावाचा डिप्लोमा, आईच्या पाटल्या, की बाबांनी विकलेला जमिनीचा तुकडा? बहुतेक घरांत हे बोललं जात नाही, आपल्याला नुसते पैसे पाठवले जातात. येत्या ७ नोव्हेंबरला कॉलेजात फोटोला हार घालून झाला की घरी एक फोन लावा. ज्याने किंवा जिने तुमच्यासाठी शाळा सोडली, त्यांनाच फोनवर बोलवा आणि विचारा, तुला काय शिकायचं होतं? अजून शिकायचंय का? उत्तर हो आलं, तर मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची माहिती काढून द्यायला तुम्ही आहातच.