खंडेराव महाराज आणि बैलांची आगगाडी

बडोदे शहरात खंडेराव महाराजांचे नाव रोज हजारो माणसे उच्चारतात. पण त्यांतील बहुतेक भाजी-फळांच्या खरेदीस निघालेली असतात. खंडेराव मार्केटची भव्य इमारत १९०६ साली सयाजीराव महाराजांनी बांधविली आणि तिला आपल्या दत्तक पित्याचे नाव दिले. म्हणजे ज्या वास्तूमुळे खंडेरावांचे नाव लोकांच्या ओठी राहिले ती त्यांनी पाहिलेलीदेखील नव्हती. उलट जी गोष्ट त्यांनी स्वतःच्या हुकमाने घडविली, जिच्यामुळे हिंदुस्थानच्या लोहमार्गांच्या इतिहासाचे एक पान बडोदे राज्याच्या नावावर लागले, तिच्याशी त्यांचे नाव जोडणारे फार थोडे. ती गोष्ट म्हणजे डभोईपासून मियागामपर्यंत घातलेला अरुंद रुळांचा मार्ग होय. त्या मार्गाची आणि तो घालणाऱ्या राजाची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांसाठी येथे सांगावी असे आम्ही योजिले आहे.

खंडेरावांचा जन्म १८२८ चा. दुसरे सयाजीराव गायकवाड यांना गणपतराव, खंडेराव आणि मल्हारराव असे पुत्र होते, आणि हे तिघेही एकामागून एक बडोद्याच्या गादीवर आले. गणपतराव १८४७ मध्ये गादीवर बसले व १८५६ च्या नोव्हेंबरात वारले. पाठोपाठ खंडेराव ‘सेनाखासखेल समशेरबहादूर’ झाले. राज्य हाती येऊन वर्ष पुरे होण्यापूर्वीच १८५७ चा वणवा पेटला. खंडेरावांनी इंग्रजांची बाजू धरली. त्या निर्णयाची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्याचे फळ त्यांना रोख मिळाले हे सांगितले पाहिजे. गुजरातेतील घोडदळाच्या खर्चापोटी गायकवाडांकडून दरसाल घेतले जाणारे तीन लाख रुपये सरकारने माफ केले, आणि १८६२ मध्ये दत्तक घेण्याच्या अधिकाराची सनदही आली. ही सनद पुढे बडोद्याच्या इतिहासात किती मोलाची ठरणार होती, याची त्या वेळी कोणास कल्पना असणे शक्य नव्हते.

महाराजांचा स्वभाव कसा होता? शरीराने बळकट, मनाने हौशी, हाताने सढळ, आणि रागाला लवकर चढणारा असा हा पुरुष होता. मल्लविद्या, शिकार, हत्तींच्या झुंजी, साठमारी यांत त्यांचा जीव रमे. १८६४ मध्ये लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्यास त्यांचा पाहुणा होता. त्याने या दरबाराचे आणि आखाड्यातील खेळांचे केलेले वर्णन पुढे युरोपात पुष्कळ वाचले गेले. जडजवाहिराचे वेड तर विचारूच नये. १८५३ मध्ये ब्राझील देशात सापडलेला ‘दक्षिणेचा तारा’ नावाचा हिरा, पैलू पाडल्यावर ज्याचे वजन १२८ कॅरटांहून अधिक भरले, तो याच महाराजांनी विकत घेतला. मोत्यांनी मढविलेला एक गालिचाही त्यांनी करविला. तो मदिनेस पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करावयाचा त्यांचा मानस होता अशी परंपरा सांगते. हिंदू राजाने मुसलमानांच्या पवित्र स्थानासाठी असा नजराणा सिद्ध करावा ही गोष्ट आम्हांस त्या हिऱ्याहून मोठी वाटते. गालिचा मदिनेस गेला नाही, कारण तत्पूर्वीच महाराज निवर्तले. २००९ साली तो दोहा येथे लिलावात विकला गेला.

हा पैसा आला कोठून, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल आणि तो यावाच. तो रयतेच्या शेतसाऱ्यातून आला. खंडेरावांनी सारा धान्याऐवजी रोखीने घेण्याची पद्धत चालू करण्याचा यत्न केला, हे सुधारणेचे पाऊल होते. तथापि खर्चाचा ओघ मोठा असल्यामुळे तिचा लाभ कुणब्याच्या पदरात थोडाच पडला. पुढे १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या आयोगापुढे ज्या तक्रारी आल्या त्यांतील कित्येकांचे मूळ खंडेरावांच्या कारकिर्दीतच होते. चरित्रनायकाचे गुण तेवढे सांगावे आणि बाकीचे झाकावे अशी एक चाल आहे. ती आम्हांस मान्य नाही.

आता लोहमार्गाकडे वळू. मुंबई-बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली. १८६० मध्ये तिचा अंकलेश्वर ते उत्राण हा पहिला तुकडा सुरू झाला आणि १८६१ च्या आरंभी तिचे रूळ बडोद्यास येऊन भिडले. मोठ्या रुळांची ही आगगाडी महाराजांच्या राज्यातून धावू लागली खरी, पण ती होती परक्या कंपनीची. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या, आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. डभोईचा प्रदेश म्हणजे कापसाचे आगर. परंतु कापूस शेतात पिकला म्हणजे मँचेस्टरला पोहोचला असे नाही. मध्ये काळी जमीन आहे.

या काळ्या जमिनीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. आमच्या कोकण किनाऱ्यावरील तांबड्या मातीत पाऊस पडला की पाणी वाहून जाते, आणि तास-दोन तासांत वाट मोकळी होते. काळी माती पाणी धरून ठेवते. ती फुगते, चिकटते आणि गाडीचे चाक आसापर्यंत गिळून टाकते. पावसाळ्याचे चार महिने अशा वाटेने गासड्या नेणे म्हणजे बैलांचा जीव घेणे होय. उन्हाळ्यात तीच माती भेगाळून दगडासारखी कठीण होते आणि गाड्यांचे कणे मोडते. डभोईपासून मोठ्या रेल्वेवरील मियागाम स्थानक सुमारे वीस मैल. हे वीस मैल ओलांडता आले तर सुरतेचा आणि पुढे मुंबईचा बाजार डभोईला जोडला जाणार होता. खंडेरावांनी १८६२ मध्ये हा मार्ग बांधावयास घेतला तो याच हेतूने, असे आम्हांस वाटते. हिंदी संस्थानिकाच्या मालकीचा हा पहिला लोहमार्ग.

दोन रुळांमधील अंतर अडीच फूट ठेवण्यात आले. मोठ्या रेल्वेचे अंतर साडेपाच फूट, म्हणजे दुपटीहूनही अधिक. अरुंद मार्गाला जमीन थोडी लागते, मातीचा भराव थोडा लागतो, पूल लहान चालतात, वळण जरा जवळून घेता येते. अर्थात खर्च कमी येतो. हिंदुस्थानात असा अरुंद मार्ग पूर्वी कोणी घातला नव्हता. युरोपातही या बाबतीत चाचपडणेच चालू होते. वेल्समध्ये फेस्टिनिऑग नावाचा एक अरुंद मार्ग १८३६ पासून होता. ज्या दगडाच्या आपण पाट्या करतो तो दगड त्यावरून खाणीतून समुद्राकडे जाई. भरलेल्या गाड्या उतारावरून आपोआप खाली येत आणि रिकाम्या गाड्या घोडे वर ओढीत. त्या मार्गावर वाफेचे इंजिन आले ते १८६३ च्या ऑक्टोबरात. इतक्या अरुंद रुळांवर इंजिन चालेल की नाही याविषयी त्या काळचे कित्येक जाणते इंजिनियर साशंक होते. आणि याच १८६३ साली ग्लासगोच्या नील्सन कंपनीने घडविलेले इंजिन डभोईच्या मार्गासाठी आणण्यात आले. सुवेझचा कालवा अद्याप खुला व्हावयाचा होता. विलायतेहून येणारा असला अवजड माल आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने समुद्रावर असे.

इंजिन आले, पण रुळांना ते पेलवेना. या मार्गाचे रूळ दर यार्डास १३ पौंड, म्हणजे जुन्या भाषेत १३ रतल वजनाचे होते. आज मुख्य मार्गांवर वापरल्या जाणाऱ्या रुळाचे वजन दर मीटरास ६० किलो असते. त्याच्याशी तुलना केली तर खंडेरावांचा रूळ त्याच्या नवव्या हिश्श्याएवढा भरेल. गाडीचा भार चाकांच्या जोडीतून रुळावर उतरतो. रूळ हा स्लीपरांच्या आधारावर ठेवलेल्या तुळईसारखा असतो. चाक दोन स्लीपरांच्या मध्ये आले की तो थोडा लवतो आणि चाक पुढे गेले की पुन्हा सरळ होतो. रूळ फारच हलका असेल तर तो लवतो तो लवतोच. कापसाच्या गाड्यांचा भार अनेक चाकांवर वाटलेला असतो. इंजिनाचा सारा भार मात्र थोड्याशा चाकांवर एकवटतो. गाड्यांना पुरेसे असलेले रूळ इंजिनाला अपुरे पडले ते यामुळेच. अखेर इंजिन बाजूला ठेवावे लागले आणि गाड्यांना बैल जुंपण्यात आले.

बैलांनी आगगाडी ओढावी हे ऐकून आमचे विद्यार्थी हसतील. त्यांनी जरूर हसावे, पण त्याबरोबरच थोडा विचारही करावा. लोखंडावर लोखंडी चाक फिरताना जे घर्षण होते ते चिखलवाटेच्या मानाने अगदी अल्प असते. म्हणून तीच बैलजोडी रुळांवर कित्येक पट ओझे ओढू शकते. पावसाळ्यात जी वाट बंद पडे ती आता चालू राहिली. वेग अर्थातच बैलाचाच राहिला; परंतु गासडीला घाई नसते, तिला कोरडे पोहोचावयाचे असते. खंडेरावांची रेल्वे फसली असे जे म्हटले जाते ते आम्हांस अर्धेच खरे वाटते. इंजिनाचा बेत फसला, रुळांचा नाही.

तरीही एक शल्य उरतेच. ज्या राजाने एका हिऱ्यासाठी लाखो रुपये मोजले त्याच्या लोहमार्गाला दर यार्डामागे आणखी काही पौंड लोखंड मिळू नये! रूळ मजबूत असते तर अरुंद मार्गावर वाफेची नियमित वाहतूक करण्यात डभोई वेल्सच्या बरोबरीने उभी राहिली असती. पुढे याच अडीच फुटी मार्गाची विद्या आपल्या महाराष्ट्रात पूर्णत्वास गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, तेव्हा त्याने इंजिन असो की डबा असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही अशी रचना केली. रूळ हलके, पण भार सर्वत्र सारखा वाटलेला. डभोईस जे अडले होते त्याचे उत्तर हेच होते. ते सापडावयास चौतीस वर्षे लागली.

१८६३ हे वर्ष खंडेरावांच्या आयुष्यात आणखी दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. धाकटे बंधू मल्हारराव यांनी आपल्या जिवावर उठून कट केला असा संशय धरून महाराजांनी त्यांना त्या वर्षी पादरे येथे कैदेत टाकले. ते महाराजांच्या मृत्यूपर्यंत सुटले नाहीत. आणि त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात, बडोद्यापासून दूर, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी गायकवाडांच्या एका दूरच्या शाखेत, शेती करणाऱ्या घरात, गोपाळ नावाचा एक मुलगा जन्मास आला. महाराजांनी त्याचे नावही कधी ऐकले नसेल.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव महाराज वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. त्याच वर्षी त्यांनी मकरपुऱ्याचा राजवाडा बांधावयास घेतला होता. त्यांना पुत्र नव्हता. राणी जमनाबाई गरोदर होत्या. मल्हाररावांना पादऱ्याच्या कैदेतून काढून गादीवर बसविण्यात आले ते या अटीवर, की जमनाबाईंना पुत्र झाला तर गादी त्याची. १८७१ च्या जुलैत त्यांना कन्या झाली. दिराच्या राज्यात विधवा राणीला कसले दिवस काढावे लागले असतील हे सांगावयास नको. त्या पुण्यास जाऊन राहिल्या. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि १८६२ ची ती दत्तकाची सनद कामास आली. जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळाला मांडीवर घेतले, आणि तेच आपले तिसरे सयाजीराव महाराज.

मध्यंतरी १८७३ मध्ये डभोई-मियागाम मार्ग अधिक मजबूत रूळ घालून पुन्हा उभारण्यात आला होता. तरी इंजिने नियमितपणे धावू लागली ती १८८० च्या सुमारास. तेव्हा सयाजीराव अज्ञान होते आणि राज्याचा कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. हे माधवरावही खंडेरावांप्रमाणे १८२८ चेच. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन माणसांच्या हातांत एकच लोहमार्ग किती निराळा झाला पाहा. १८७९ मध्ये तो डभोईहून नर्मदाकाठच्या चांदोदपर्यंत आणि दुसरीकडे बहादरपूरपर्यंत गेला. १८८० मध्ये बडोद्याच्या गोयागेटपर्यंत आणि पुढच्या वर्षी विश्वामित्रीपर्यंत आला. जो मार्ग कापसासाठी घातला होता त्यावरून आता नर्मदास्नानाला निघालेल्या आयाबाया जाऊ लागल्या. कालांतराने डभोईहून पाच दिशांना अरुंद मार्ग फुटले आणि अशा मार्गांचे एवढे मोठे जंक्शन दुसरीकडे क्वचितच असेल, अशी त्या गावाची ख्याती झाली. गोयागेटचे नाव पुढे प्रतापनगर पडले.

१८९८ मध्ये जमनाबाई वारल्या तेव्हा ही गाडी वाफेवर धावत होती. पतीच्या हयातीत तिला बैल जुंपलेले त्यांना ठाऊक होते. १९४९ मध्ये बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा राज्याची रेल्वेही मोठ्या कंपनीच्या मार्गांत मिळाली, आणि १९५१ पासून ती सारी पश्चिम रेल्वे म्हणून ओळखली जाते. डभोई-चांदोद हा अरुंद मार्ग अलीकडे रुंद करून केवडियापर्यंत वाढविण्यात आला, आणि १७ जानेवारी २०२१ रोजी त्यावरून मोठ्या रुळांची गाडी सुरू झाली. प्रतापनगरहून निघणारी ही गाडी विजेवर चालते आणि वाटेत डभोईला थांबते.