खुब्याची वाटी बदलणारे जॉन चार्नली
गुडघा हा बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच दिशेने हलणारा. खुबा उखळीचा: मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत सगळीकडे फिरतो. चंदगडच्या माझ्या आजीचा खुबा बदलला, तेव्हा मी जॉन चार्नलींबद्दल वाचलं. १९११ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले सर्जन. एका पेशंटचा कृत्रिम खुबा करकरायचा, तिथून ते घर्षणाच्या मागे लागले. स्टीलचा गोळा, टेफ्लॉनची वाटी. पेशंट मस्त चालायला लागले! पण काही वर्षांत वाट्या झिजल्या, तोवर सुमारे ३०० जणांना बसवून झाल्या होत्या. आपण बिघडलेलं अपडेट मागे घेतो. इथे माणसं पुन्हा टेबलावर घ्यावी लागली. ती ऑपरेशन्स त्यांनी स्वतः केली. टेफ्लॉन स्वतःच्या मांडीतही घालून पाहिलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिलीनची वाटी बसवली, ती टिकली. १९८२ साली ते गेले. आजीची वाटीसुद्धा पॉलिथिलीनचीच आहे.