तीन थरांत जग पाहणारे लुई ड्युको

छायाचित्रणाची कला १८३९ साली जगासमोर आली, तेव्हा कौतुकाच्या लाटेत एक हुरहूरही मिसळलेली होती. माणसाचा चेहरा, घराची भिंत, झाडाचे पान सारे हुबेहूब उमटत होते. रंग तेवढे मागे राहत होते. ही उणीव झाकण्यासाठी स्टुडिओतील कारागीर छायाचित्रातल्या गालांवर कुंचल्याने लाली चढवीत. निसर्गाचे रंग निसर्गाच्याच प्रकाशाकडून उतरवून घेता येतील का, हा प्रश्न पुढे अनेक दशके शास्त्रज्ञांना छळत राहिला. त्याचे सर्वांत टिकाऊ उत्तर कोणत्याही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आले नाही. ते फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात राहणाऱ्या, पियानोवर हुकमत असलेल्या एका तरुणाने शोधले. त्यांचे नाव लुई आर्तूर ड्युको द्यु ओराँ.

त्यांचा जन्म ८ डिसेंबर १८३७ रोजी बोर्दो शहराजवळच्या लाँगों या गावी झाला. संगीताची त्यांना उत्तम जाण होती, पण प्रकाश आणि रंग यांच्या नात्याने त्यांचे मन कायमचे वेधून घेतले. थोरले बंधू आल्सीद न्यायखात्यात होते. अविवाहित, एकमार्गी लुई यांना आयुष्यभर आधार मिळाला तो या भावाचा.

वयाच्या पंचविशीच्या आत त्यांनी रंगीत छायाचित्राच्या प्रश्नावर आपला निबंध सिद्ध केला. १८६२ साली तो पॅरिसला पाठवला गेला. पण विद्वानांच्या सभेत तो मांडला जाण्याचा योग आला नाही. दोन वर्षांनी, १८६४ मध्ये, हलती दृश्ये टिपून पुन्हा दाखवणाऱ्या यंत्राचे पेटंट त्यांनी घेतले. ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाला तेव्हा तीन दशकांचा अवकाश होता. ते यंत्र प्रत्यक्षात उतरले नाही. काळाच्या पुढे धावणारी कल्पना आणि तिला न पुरणारी साधने, हा विरोध ड्युको यांच्या वाट्याला पुढेही वारंवार आला.

२३ नोव्हेंबर १८६८ रोजी त्यांनी रंगीत छायाचित्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी या विषयावरील पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याआधी १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनमध्ये तीन दिव्यांच्या रंगीत झोतांतून पडद्यावर रंगीत प्रतिमा उभी केली होती. दिवे विझताच ती मावळे. ड्युको यांना हवे होते हातात धरता येईल असे कागदावरचे चित्र. त्यासाठी त्यांनी एकाच दृश्याची तीन छायाचित्रे घ्यायचे ठरवले: एक नारिंगी काचेतून, दुसरे हिरव्या, तर तिसरे जांभळ्या काचेतून. नारिंगी काचेतून मिळालेल्या निगेटिव्हवरून निळसर प्रत, हिरव्या काचेच्या निगेटिव्हवरून तांबडी आणि जांभळ्याच्या निगेटिव्हवरून पिवळी प्रत काढायची. रंगद्रव्य मिसळलेल्या जिलेटिनचे हे तीन पारदर्शक थर एकमेकांवर अचूक बसवले, की मूळ दृश्याचे रंग जिवंत होत. दृश्यातील लाल फुलाच्या जागी निळा थर जवळजवळ कोराच राही आणि तांबड्या व पिवळ्या थरांच्या मेळातून फूल लाल दिसे.

योगायोग असा, की हीच कल्पना त्याच सुमारास पॅरिसमधील कवी व संशोधक शार्ल क्रो यांनाही सुचली होती. दोघांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती. ७ मे १८६९ रोजी फ्रेंच छायाचित्रण संस्थेच्या बैठकीत दोघांचीही टिपणे सादर झाली. शोधाचा मान कोणाचा, यावरून वैर पेटायला एवढे कारण पुरेसे होते. परंतु या दोघांनी आयुष्ये भांडणात घालवली नाहीत. दोघांना एकच गोष्ट स्वतंत्रपणे सापडली, हे परस्परांनी मान्य केले.

खरी अडचण रसायनांची होती. त्या काळच्या काचपट्ट्यांना निळा-जांभळा प्रकाश चटकन कळे. हिरवा मंदपणे कळे आणि तांबडा जवळपास कळतच नसे. त्यामुळे नारिंगी काचेमागची पट्टी फार वेळ उघडी ठेवावी लागे. तेवढ्या अवधीत ऊन सरके, ढग पुढे जात, पाने हलत. १८७३ मध्ये जर्मनीतील हेर्मान फोगेल यांनी विशिष्ट रंजकांमुळे पट्टीची दृष्टी विस्तारते हे दाखवले, तेव्हा ड्युको यांच्या पद्धतीला बळ मिळाले. १८७७ साली त्यांनी आजाँ शहराचे दृश्य टिपले. हिरवी झाडी, घरांची छपरे आणि मागे चर्च. चित्राच्या कडेला तिन्ही थर किंचित सरकलेले दिसतात, आणि त्या फटींतूनच पद्धतीचे मर्म उलगडते.

व्यापारी यश मात्र त्यांच्या हाती लागले नाही. १८८०च्या दशकात आल्सीद यांच्या नेमणुकीमुळे दोघे भाऊ अल्जीरियाला गेले आणि अनेक वर्षे तेथे राहिले. प्रयोग थांबले नाहीत. तांबड्या-निळ्या चष्म्यातून पाहिल्यावर खोली जाणवणाऱ्या छापील चित्रांचे पेटंट त्यांनी १८९१ मध्ये घेतले.

१९०७ साली ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम पट्टी बाजारात आली. बटाट्याच्या पिठाच्या रंगवलेल्या सूक्ष्म कणांनी ती मढवलेली होती. तीन रंगांच्या बारीक जाळीतून एकाच पट्टीवर चित्र घेण्याची मूळ कल्पना ड्युको यांच्या १८६८च्या पेटंटमध्ये होती. पण पेटंटची मुदत कधीच सरली होती. पुढच्याच वर्षी रंगीत छायाचित्रणासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गाब्रिएल लिपमान यांना मिळाले. त्यांची पद्धत शास्त्रीयदृष्ट्या देखणी होती. मात्र व्यवहारात ती रुजली नाही. ड्युको यांना फ्रान्सचा 'लीजन ऑफ ऑनर' लाभला, तोही उतारवयात. आर्थिक ओढाताणीतच दिवस काढत ३१ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या पद्धतीला मात्र मुदत लागू झाली नाही. पुढे रंगीत फिल्मचे रोल त्याच तीन थरांवर बेतले गेले. आजही छापखान्यात रंगीत पान निघते ते निळा, तांबडा, पिवळा आणि जोडीला काळा अशा शाईच्या थरांतून. एखाद्या सकाळी हे थर नीट जुळत नाहीत आणि छापील चेहऱ्याच्या कडेला निळी-तांबडी रेघ उमटते. दीडशे वर्षांपूर्वीच्या आजाँच्या त्या चित्रातील सरकलेली कड हीच.