डिझेल नावाचा माणूस आणि थंडीत अडणारं इंजिन

डिझेल गाडीची चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर एक पिवळी खूण लागते. वेटोळ्यांची, स्प्रिंगसारखी. उन्हाळ्यात ती लागल्या लागल्या विझते. थंडीच्या पहाटे मात्र काही सेकंद रेंगाळते आणि घरातली मोठी माणसं सांगतात की ती विझू दे, मगच सेल्फ मार.

पेट्रोलच्या गाडीत ही खूण नसते. का नसते हे शोधायला मी बसलो आणि पोचलो थेट १८५८ साली जन्मलेल्या एका माणसापाशी. खरं सांगतो, तोपर्यंत डिझेल म्हणजे पंपावर मिळणारं तेल एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते एका माणसाचं आडनाव आहे. त्याची गोष्ट कळली की थंडीत इंजिन का अडतं हेही आपोआप कळतं. तेलाचा आणि माणसाचा घोळ नको म्हणून इथे मी त्याला रुडॉल्फ म्हणतो.

पॅरिसमधला जर्मन पोरगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील मूळचे जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे आणि पोरगा गाडीवरून माल गिऱ्हाइकांकडे पोचवायचा. वेळ मिळाला की तो यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन जुनी वाफेची गाडी बघत बसायचा.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं, पण तिथे पोट भरणं अवघड झालं. मग १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात नातेवाइकांकडे पाठवलं. ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. पोरगा हुशार निघाला आणि स्कॉलरशिप मिळवून म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला.

तिथे त्याला कार्ल फॉन लिंड हे प्राध्यापक भेटले. बर्फ बनवणाऱ्या आणि थंडावा देणाऱ्या यंत्रांमधलं हे त्या काळातलं मोठं नाव. वर्गात त्यांनी सांगितलं की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम १० टक्केच कामाला लावतं. म्हणजे १०० रुपयांच्या कोळशातले ९० रुपये धुरात. ही गोष्ट रुडॉल्फच्या डोक्यात जी बसली, ती पुढे आयुष्यभर निघाली नाही. शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला. मग जानेवारी १८८० मध्ये तो परीक्षेला बसला आणि अव्वल गुणांनी पास झाला.

दाबली की हवा तापते

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड हाताला गरम लागतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा झटक्यात दाबली की तापते. आग्नेय आशियातले लोक याच गोष्टीवर विस्तव पेटवायचे. एका बाजूने बंद अशी नळी, आत घट्ट बसणारा दट्ट्या आणि दट्ट्याच्या टोकाला कापसासारखं काहीतरी. दट्ट्या जोरात आत मारला की हवा इतकी तापते की कापूस पेट घेतो. काडी नाही, ठिणगी नाही. असं एक साधन रुडॉल्फने विद्यार्थी असताना पाहिलं होतं असं सांगतात.

गंमत म्हणजे त्याची पहिली नोकरी आगीची नव्हे, बर्फाची होती. लिंड यांच्या कंपनीसाठी तो पॅरिसमध्ये बर्फाच्या कारखान्याचं काम बघायला लागला. दिवसा बर्फ आणि उरलेल्या वेळात इंजिनाचे प्रयोग. अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करायला त्याने कित्येक वर्षं घालवली. ते काही जमलं नाही.

मग १८९२ मध्ये त्याने नव्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. कल्पना अशी: सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची. पिस्टनने ती प्रचंड दाबायची. ती लालबुंद तव्यासारखी तापली की अगदी शेवटच्या क्षणी इंधन आत सोडायचं. ते आपोआप पेटेल. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो, इथे त्याची गरजच नाही.

मग थंडीत बिघडतं कुठे?

ज्या गोष्टीमुळे हे इंजिन भारी आहे, तिच्यामुळेच ते थंडीत अडतं. इथे आग लावणारा दुसरा कुणीच नाही. सगळी भिस्त हवा किती तापते यावर.

एक सोपा हिशेब करू. हवा १८ पट दाबली तर तिचं तापमान साधारण पावणेतीन पट होतं. पण हे पट शून्य सेल्सिअसपासून नाही, उणे २७३ अंशांपासून मोजायचे असतात. बाहेर ३० अंश असेल तर आतली हवा अंदाजे ५६० अंशांवर जाते. बाहेर उणे २० असेल तर ४२० वर. बाहेर फरक ५० अंशांचा, आत मात्र जवळजवळ १४० अंशांचा. दाबण्याने उष्णता वाढते, तशी थंडीची तूटही वाढते.

डिझेल तेल तर सव्वादोनशे अंशांच्या आसपास पेटतं, मग ४२० पुरेसे नाहीत का? कागदावर पुरतात. पण हा हिशेब उष्णता फारशी वाया जात नाही असं धरून केलाय. सुरू होताना इंजिन मिनिटाला जेमतेम १००-२०० फेरे फिरतं. एवढ्या संथ गतीत हवेची उष्णता थंडगार लोखंड शोषून घेतं आणि थोडी हवा पिस्टनच्या कडेने निसटते. इंधनाच्या थेंबांची वाफ व्हायलाही उष्णता लागते. त्यात गारठ्याने इंजिन ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीही मलूल पडते. कडक थंडीत तुमच्या फोनची बॅटरी कशी पटकन उतरते, तसंच. म्हणजे नेमकं जेव्हा इंजिन जोरात फिरवायला हवं, तेव्हाच ते हळू फिरतं.

पट्टा सैल पडला तो दिवस

हे सगळं रुडॉल्फने स्वतः सोसलं. ऑग्सबुर्गच्या एका यंत्र कारखान्याने आणि क्रुप कंपनीने त्याला पाठबळ दिलं. १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. ते स्वतः सुरू होण्यातलं नव्हतंच. कारखान्याच्या शाफ्टवरून पट्टा लावून ते फिरवावं लागत होतं. आत इंधन सोडलं आणि धडाका झाला. दाब मोजायला लावलेलं उपकरण फुटून त्याचे तुकडे आजूबाजूला उडाले. इंजिन चाललं नाही, पण एक गोष्ट सिद्ध झाली: नुसत्या दाबलेल्या हवेने इंधन पेटतं.

त्यानंतर कित्येक महिने मोडतोड आणि जोडाजोड चालली. १७ फेब्रुवारी १८९४ ला पुन्हा पट्ट्याने इंजिन फिरवत असताना एका मिस्त्रीच्या लक्षात आलं की पट्टा वेगळेच हिसके खातोय. आता शाफ्ट इंजिनाला ओढत नव्हता, इंजिनच शाफ्टला ओढत होतं. त्याने काही न बोलता टोपी काढून रुडॉल्फला सलाम केला, असं सांगतात. इंजिन साधारण मिनिटभर स्वतःच्या जोरावर चाललं. मला या सगळ्या गोष्टीतला हाच क्षण सगळ्यात आवडतो, कारण इंजिन स्टार्ट होणं म्हणजे नेमकं एवढंच. कुणीतरी ढकलत असतं आणि एका क्षणापासून ते ढकलणं लागत नाही.

बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंजिनाची कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. लिंड सरांनी वर्गात सांगितलेल्या १० टक्क्यांच्या अडीचपट. धंद्यासाठीचं पहिलं इंजिन १८९८ मध्ये केम्प्टेन गावातल्या कारखान्यात लागलं. कशाचा कारखाना? काडेपेट्यांचा! काडीशिवाय पेटणारं इंजिन काड्या बनवायला लागलं.

ही इंजिनं सुरू व्हायची ती टाकीत दाबून भरलेल्या हवेने. ती हवा सोडली की पिस्टन ढकलला जायचा. आजही मोठ्या जहाजांची इंजिनं अशीच सुरू होतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

नाव झालं, पण…

रुडॉल्फ लक्षाधीश झाला. म्युनिकमध्ये मोठा बंगला बांधला. पण सुरुवातीची इंजिनं सारखी बिघडायची, पेटंटवरून वाद चालायचे, टीकाकार पाठ सोडत नव्हते. ताणाने त्याची तब्येत खचली आणि काही काळ आरोग्यधामात राहावं लागलं. इंजिनात मुरलेला माणूस व्यवहारात मात्र कच्चा होता. जमिनीच्या आणि इतर गुंतवणुकीत पैसा बुडाला. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं जहाज समुद्रपार गेलं, जगभर त्याचं नाव झालं, आणि त्याच वेळी घरात कर्ज साठत होतं.

२९ सप्टेंबर १९१३ ला तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीत बसला. सोबतच्या लोकांबरोबर जेवला, रात्री दहाच्या सुमारास खोलीकडे गेला आणि सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून ठेवलं. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणावर कुणी झोपलंच नव्हतं. डेकच्या कठड्याजवळ त्याची टोपी आणि ओव्हरकोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन खलाशांनी तो पुन्हा समुद्राच्या स्वाधीन केला. त्या वस्तू त्याच्या मुलाने, ऑयगेनने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही वाद आहे. कर्ज आणि मागे ठेवलेल्या काही खुणा बघता बहुतेकांचा कल आत्महत्येकडे जातो. तो ५५ वर्षांचा होता.

त्याने न पाहिलेली पिवळी खूण

डिझेलवर चालणारी मोटारगाडी बाजारात आलेली रुडॉल्फने पाहिली नाही. मर्सिडीझची २६० डी आली १९३६ मध्ये. गाडीत काही दाबलेल्या हवेच्या टाक्या घेऊन फिरता येत नाही. म्हणून सिलिंडरमध्ये ग्लो प्लग आला. बोटाएवढा हीटर. आजच्या गाड्यांत त्याचं टोक काही सेकंदांत ८००-१००० अंशांपर्यंत तापतं. ती पिवळी खूण म्हणजे हा हीटर तापतोय याचा इशारा. थंडीमुळे हवेला जी उष्णता कमी पडते, ती तो भरून काढतो.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा:

- खूण विझेपर्यंत थांबा. फार गारठा असेल तर सेल्फ न मारता चावी बंद करून पुन्हा एकदा ग्लो प्लग तापू द्या.
- एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका. मध्ये बॅटरीला जरा दम खाऊ द्या.
- थंडीत सुरू करताना पांढरा धूर येणं म्हणजे न जळलेलं इंधन बाहेर पडतंय. इंजिन तापल्यावर तो थांबायला हवा. नाही थांबला तर ग्लो प्लग तपासून घ्या.
- ग्लो प्लगच्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या टोकावर तो अवेळी भडकतो आणि इंजिन फुटू शकतं.
- टाकीखाली जाळ करून डिझेल गरम करायचा विचारही नको.

आणखी एक भानगड तेलाची. डिझेलमध्ये मेण असतं. कडक थंडीत ते गोठून फिल्टर तुंबतो आणि मग ग्लो प्लगही काही करू शकत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात ही वेळ येत नाही, पण लडाखमध्ये येते. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. लडाखला हिवाळ्यात स्वतःची गाडी नेणार असाल तर पुण्या-मुंबईत भरलेलं डिझेल टाकीत ठेवून वर जाऊ नका.

रुडॉल्फच्या इंजिनाला पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर चालायला महिनोन् महिने लागले आणि तेही पट्ट्याने ओढून. आपल्याला पाच सेकंद थांबायचंय. तेवढं थांबा.