नगरच्या किल्ल्यात लिहिला गेलेला विवेकाचा पाठ

अहमदनगरचा भुईकोट किल्ला इतिहासात ओळखला जातो तो चांदबिबीच्या पराक्रमामुळे. विसाव्या शतकात या किल्ल्याशी आणखी एक नाव कायमचे जोडले गेले, ते पंडित जवाहरलाल नेहरूंचे. विद्यार्थ्यांनी पाठांतरावर न थांबता विचार करावा, पुरावा मागावा आणि चुकीचे ठरलेले मत सोडून द्यावे, अशी अपेक्षा आज प्रत्येक शैक्षणिक धोरणात व्यक्त होते. या मनोवृत्तीसाठी 'वैज्ञानिक दृष्टिकोन' ही संज्ञा देशात रूढ करणारा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ साली याच किल्ल्याच्या तटबंदीआड लिहिला गेला. नेहरूंच्या राजकीय चरित्राविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्यांच्यातील शिक्षक मात्र काहीसा दुर्लक्षितच राहिला.

घरातील प्रयोगशाळा

१४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबाद येथे जन्मलेल्या जवाहरलाल यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. नामांकित वकील असलेल्या मोतीलाल नेहरूंनी मुलासाठी फर्डिनांड ब्रुक्स हे शिक्षक नेमले होते. ब्रुक्स यांनी त्यांना वाचनाची गोडी लावली, तसेच घरातच एक छोटी प्रयोगशाळा उभारून पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राचे साधे प्रयोग करून दाखविले. हेच ब्रुक्स थिऑसॉफीचे निष्ठावान अनुयायी होते. त्यांच्या प्रभावाने तेराव्या वर्षी जवाहरलाल थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. पण ब्रुक्स निघून गेल्यानंतर ती ओढ लवकरच ओसरली. गूढाचे आकर्षण मागे पडले, प्रयोगाची आवड मात्र टिकून राहिली.

१९०५ मध्ये ते इंग्लंडमधील हॅरो येथील शाळेत दाखल झाले. १९०७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला व रसायन, भूगर्भ आणि वनस्पतिशास्त्र हे विषय घेऊन १९१० मध्ये तेथील पदवी संपादन केली. पुढे १९१२ मध्ये ते बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले. त्यांचा पिंड राजकारणात घडला असला, तरी विचारांची बैठक विज्ञानाच्या अभ्यासातून तयार झाली होती, याचा प्रत्यय त्यांच्या पुढील लेखनात पदोपदी येतो.

एका गोट्याची कहाणी

१९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि नेहरू अलाहाबादला. या काळात त्यांनी कन्येला पृथ्वी, प्राणिसृष्टी आणि आदिमानव यांविषयी पत्रे लिहिली. १९२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पहिल्याच पत्रात त्यांनी नदीकाठच्या एका गुळगुळीत गोट्याचे उदाहरण घेतले आहे. डोंगरातून फुटलेला दगड ओबडधोबड आणि टोकदार असतो. मग हा गोटा गोल कसा झाला? पावसाच्या पाण्याने तो दरीत लोटला गेला, ओढ्यातून नदीत आला, प्रवाहात घासत घासत त्याच्या कडा झिजल्या. आणखी पुढे वाहत गेला असता तर त्याची वाळू झाली असती. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवरून न दिसलेल्या घटनांपर्यंत कसे पोहोचावे, याचा हा पहिला धडा. तर्कशास्त्राची एकही परिभाषा न वापरता अनुमान म्हणजे काय, हे त्यांनी दहा वर्षांच्या मुलीला समजावून दिले.

इंदिरेला तेरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा नेहरू नैनी तुरुंगात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथून त्यांनी तिला जगाच्या इतिहासावर पत्रे लिहावयास आरंभ केला. ९ ऑगस्ट १९३३ पर्यंत चाललेली ही १९६ पत्रे 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' या नावाने ग्रंथरूपात आली. हाताशी ग्रंथालय नव्हते; वेळोवेळी वाचलेल्या पुस्तकांवरून काढलेली टिपणे हाच आधार होता. या उणिवेची कबुली नेहरूंनी स्वतःच दिली, आणि आपले लेखन अखेरचा शब्द मानू नये, असेही कन्येला बजावले. शिकविणाऱ्याने स्वतःलाच तपासणीच्या कक्षेत आणावे, हे त्या काळच्या घराघरांतील व शाळांतील शिस्तीला धरून नव्हते.

तटबंदीआडचे दिवस

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली. मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, शंकरराव देव प्रभृतींसह नेहरूंना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. हा त्यांचा नववा आणि सर्वांत दीर्घ कारावास होता. २८ मार्च १९४५ पर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ, ते नगरमध्ये होते.

आवारातील दगडगोट्यांनी भरलेल्या निकस जमिनीत त्यांनी बागकाम आरंभिले. खणताना जुन्या भिंतींचे व घुमटांचे अवशेष हाती लागत. बाहेर बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मृत्युमुखी पडत होती आणि तुरुंगात बसून त्या वार्ता वाचण्यापलीकडे काही करता येत नव्हते. अशा अवस्थेत एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढला. निरनिराळ्या विषयांत पारंगत असलेल्या सहकाऱ्यांशी होणाऱ्या चर्चांचा त्याला मोठा लाभ झाला.

विज्ञानाची फळे उपभोगणे वेगळे आणि विज्ञानाची दृष्टी बाळगणे वेगळे, हा या ग्रंथातील महत्त्वाचा विचार होय. कसोटीवर पारखल्याविना काही न स्वीकारणे, नवा पुरावा समोर येताच जुना निष्कर्ष बदलणे आणि कल्पनेपेक्षा निरीक्षणावर विसंबणे, ही जगण्याची रीत व्हावी, असे त्यांनी मांडले. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ असणारा माणूस घरी परतताच ही रीत विसरतो, याचीही त्यांना जाण होती. जीवनातील सर्वच प्रश्न विज्ञानाने सुटत नाहीत, हेही त्यांनी नाकारले नाही.

वर्गापर्यंत न पोहोचलेला विचार

स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान या नात्याने नेहरूंनी विज्ञानसंस्थांना भक्कम पाठबळ दिले. जानेवारी १९५० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आयआयटी सुरू झाली. मार्च १९५८ मध्ये विज्ञान धोरणाचा ठराव संसदेपुढे आला.

परंतु या उंच इमारतींच्या सावलीत गावची शाळा मागेच राहिली. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात नमूद होते. १९६० साली ती मुदत उलटली, तरी उद्दिष्ट दूरच होते. जी मुले शाळेत होती, त्यांच्याही वाट्याला बहुधा घोकंपट्टीच आली. एका मुलीला पत्रांतून जे लाभले, ते कोट्यवधी मुलांना वर्गातून देण्याची व्यवस्था नेहरूंच्या सतरा वर्षांच्या कारकिर्दीत उभी राहू शकली नाही. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही उणीव नजरेआड करता येत नाही.

२७ मे १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. तरीही विधी झालेच. पुढे ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा यांचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविण्यात आले. ही दुरुस्ती संसदेने १९७६ मध्ये संमत केली तेव्हा देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर निर्बंध होते आणि पंतप्रधानपदी तीच इंदिरा होती, जिला पित्याने आपलेही म्हणणे पारखून घ्यावयास शिकविले होते. प्रश्न विचारण्याचे कर्तव्य घटनेत आले, ते प्रश्न विचारणे धोक्याचे झाले असताना.

अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. किल्ला लष्कराच्या ताब्यात असून नेत्यांना ठेवलेल्या खोल्या जतन करण्यात आल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चिकित्सक विचारावर पुन्हा भर दिला आहे. त्यासाठी महागडी साधनेच हवीत असे नाही. नदीकाठचा एक गोटा, तो गोल का झाला हा प्रश्न आणि मुलाचे उत्तर येईपर्यंत थांबण्याची शिक्षकाची तयारी, एवढ्यावरही आरंभ होऊ शकतो. आपलेही चुकू शकते, हे वर्गात मान्य करणारा शिक्षक मात्र त्यासाठी हवा.