बंदूक खाली ठेवलेला जिम

पहाटेची सफारी. अंगात स्वेटर, वर जॅकेट, त्यावर ब्लँकेट, तरी दात वाजतायत. ढिकालाच्या वाटेवर गाइड अचानक हात वर करतो आणि ड्रायव्हर जिप्सीचं इंजिन बंद करतो. तुम्ही घाईघाईने मोबाइल काढता, पण समोर नुसतं गवत. गाइड बघतच नसतो, तो ऐकत असतो. नदीच्या बाजूला चितळ ओरडलंय, पाठोपाठ झाडावरून वानर खाकरलंय. म्हणजे खाली रामगंगेच्या काठाने वाघ निघालाय!

उत्तराखंडातल्या कॉर्बेट नॅशनल पार्कला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे असा एखादा किस्सा असतोच. पण ज्याचं नाव त्या पार्कला दिलंय तो जिम कॉर्बेट कोण, असं विचारलं तर आपलं उत्तर एका शब्दात संपतं. शिकारी! ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत डोंगराच्या पायथ्याशी कालाढुंगी, असा घरच्यांचा दरवर्षीचा मुक्काम. जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील गेले. भावंडं पुष्कळ, पैसा बेताचा. हा पोरगा मात्र कायम जंगलात. हातात ठासणीची जुनी बंदूक, तिचीही एक नळी फुटलेली आणि पितळी तारेने गुंडाळलेली. कुंवरसिंग नावाचा, चोरून शिकार करण्यात पटाईत असलेला गावकरी हा त्याचा जंगलातला गुरू. ठसा ताजा की कालचा, कुठला प्राणी कशाला घाबरून ओरडला, हे सगळं जिम पुस्तकात नाही, जंगलात पायी फिरून शिकला.

कॉलेज वगैरे झालंच नाही. अठराव्या वर्षाच्या सुमारास तो रेल्वेत चिकटला. पहिलं काम कोणतं, तर इंजिनांच्या भट्टीसाठी झाडं तोडून घेणं! पुढे वीसेक वर्षं बिहारमध्ये, गंगेकाठच्या मोकामा घाटावर मालाची चढउतार करून घेण्याचं कंत्राट त्याच्याकडे होतं. मजुरांच्या बरोबरीने राबायचं आणि सुट्टी मिळाली की कुमाऊंचे डोंगर गाठायचे.

१९०७ मध्ये त्याला चंपावतच्या वाघिणीसाठी बोलावणं आलं. नेपाळ आणि कुमाऊं मिळून तिच्या नावावर ४३६ बळी होते. जिमने आधीच दोन गोष्टी मागून घेतल्या. सरकारने लावलेलं बक्षीस रद्द करायचं आणि बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवायचं. वाघीण मेल्यावर त्याने तिचा जबडा तपासला, तर सुळे तुटलेले. कुणाच्या तरी जुन्या गोळीने! धड शिकार करता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली होती.

रुद्रप्रयागचा बिबट्या ही त्याहून अवघड केस. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेच्या वाटेवर आठ वर्षांत सव्वाशे माणसं त्याने उचलली होती. अंधार पडला की दारं बंद. जिमने नदीवरच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर वीस रात्री बसून काढल्या. काहीच हाती लागलं नाही. शेवटी मे १९२६ मध्ये एका आंब्याच्या झाडावरून त्याने तो बिबट्या टिपला. पहाडातल्या लोकांसाठी ‘कारपेट साहेब’ देवासारखा झाला.

पण इथे थोडं थांबायला हवं. जिमने मारलेला प्रत्येक वाघ नरभक्षक नव्हता. १९३० मध्ये त्याने पवलगढचा एक प्रचंड वाघ मारला. त्या वाघाने माणसाला कधी त्रास दिला नव्हता. एवढा मोठा वाघ आपल्या नावावर हवा, एवढंच कारण. आज वाचताना हे खटकतं, आणि खटकायलाच हवं.

त्याच काळात त्याच्या आयुष्यात दुसरी गोष्ट घडत होती. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने काढलेले वाघांचे फोटो पाहून जिमने सिने कॅमेरा हातात घेतला. प्रॉब्लेम एकच, कॅमेऱ्याची घरघर ऐकली की वाघ पसार. यावर त्याने जुगाड काय केला माहितीये? जंगलातल्या एका ओढ्यावर छोटे छोटे बांध घातले, म्हणजे पाण्याच्या खळखळाटात कॅमेऱ्याचा आवाज बुडेल. मग तासन्‌तास दबा धरून त्याने वाघांचं शूटिंग केलं. भिंतीवरचं कातडं मारणाऱ्यापुरतं असतं, फोटोचा आनंद मात्र सगळ्यांचा, हे त्याला पुरतं पटलं होतं. नरभक्षक सोडले तर त्याचा भर आता वाघ वाचवण्यावर होता.

१९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात हेली नॅशनल पार्क झालं. भारतातलं हे पहिलं नॅशनल पार्क, आणि त्यासाठी जिमने बरीच खटपट केली होती. १९४४ मध्ये आपल्या मुंबईतून, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्याचं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ छापलं आणि तो जगभर पोचला.

तरी १९४७ च्या अखेरीस, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, बहीण मॅगीला घेऊन तो केनियाला निघून गेला. ज्या देशावर जीव लावला, तो स्वतंत्र झाल्यावर त्याला आपला वाटेना का? की नव्या भारतात आपल्याला जागा नसेल, ही भीती? घर सोडणं त्याला सोपं गेलं नसणार, एवढं नक्की.

केनियात न्येरीजवळ, अ‍ॅबरडेअर पर्वतात, ट्रीटॉप्स नावाचं झाडावरचं हॉटेल होतं. खाली पाणवठा, वर पाहुणे, रात्रभर हत्ती-गेंडे बघायचे. फेब्रुवारी १९५२ मध्ये तिथे ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ आली. सोबतीला ७६ वर्षांचा जिम. रात्रभर तो शिडीच्या तोंडाशी बंदूक घेऊन पहाऱ्याला बसला. त्याच रात्री तिकडे इंग्लंडमध्ये राजा वारला आणि झाडावर चढलेली राजकन्या उतरली ती राणी होऊन. सगळ्या जगाला माहीत असलेल्या या शिकाऱ्याची बंदूक त्या रात्री फक्त राखणीला होती.

१९ एप्रिल १९५५ ला तो न्येरीत गेला. १९५७ मध्ये भारताने पार्कला त्याचं नाव दिलं, आणि १९७३ मध्ये प्रोजेक्ट टायगरची सुरुवातही तिथूनच झाली. आज त्याच रामगंगेत सुसरी ऊन खात पडलेल्या दिसतात, आणि थंडीत कालागढ धरणाच्या पाण्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात.

तेव्हा पुढच्या ट्रिपला वाघ नाही दिसला म्हणून गाइडवर वैतागू नका. त्याने जिप्सी थांबवली की मोबाइल खिशात ठेवा आणि दोन मिनिटं गप्प बसून ऐका. जिमही असाच ऐकत बसायचा.